पाणी कुठं जातं?

भाची पुण्यात लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. पाच वर्षांचं आर्किटेक्चर करून वर आणखी दोन वर्षं. बागा करायचं शिकते, एवढंच आम्हाला कळलेलं. दिवाळीला सोलापूरला आली तेव्हा म्हटलं, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसचं झकास डिझाइन काढून दे.

तिनं कागद काढलाच नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणायला लावली. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. दोन्हीकडं पाणी एका पातळीत येतं, मग तिथून जमीन किती खाली ते टेपनं मोजायचं. दोन तास उन्हात उभा केला मला. निघालं काय, तर ओढ्याकडचा कोपरा फाटकापेक्षा पावणेदोन फूट खाली.

"मामा, पावसाचं पाणी कुठं जातं?"

बावीस वर्षं बातमीदारी करतोय. उद्यानांची उद्घाटनं किती कव्हर केली, गणती नाही. हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. उत्तर कोपऱ्याला लागून राहणाऱ्या मावशींनी दिलं, "आमच्या घरात येतंय की."

दोन वर्षांपूर्वी तिथं भिंत आणि पेव्हर ब्लॉक झाले. पूर्वी पाणी सरळ ओढ्याला जायचं. आता भिंतीला अडून मावशींच्या उंबऱ्याशी. खाली काळी माती, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून ब्लॉकही उचकटलेत. सुशोभीकरणाची बातमी मीच दिली होती, फोटोसकट.

भाची सांगत होती, कॉलेजात आधी जागेवर पाठवतात. उतार, माती, झाडं, वारा, मे महिन्यात दुपारी सावली कुठं पडते, लोक कुठून आडवे जातात. प्रत्येकाचा वेगळा ट्रेसिंग पेपर, मग सगळे एकावर एक ठेवून बघायचं. इयान मॅकहार्ग नावाच्या माणसानं 1969 च्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात ही रीत मांडली. बाकं न् कारंजी फार नंतर. (आमच्या जर्नलिझम डिप्लोमालाही पहिलं हेच शिकवलं होतं, आधी जागेवर जा. असो.)

आपला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला मानतात. जमिनीचा उतार न बघता तो तिथं झाला असेल का?

मोजलेली मापं वहीत आहेत, रविवारच्या बैठकीला नेणार आहे. मागणी एकच, खालच्या कोपऱ्यात भिंतीला मोरी पाडा. भिंत नसतानाचे कुणाकडं जुने फोटो असतील तर तेवढे पाठवा.