दाखल्यावरचा एक रकाना

जून उजाडला की बारामती-इंदापूर पट्ट्यातले ओळखीचे-अनोळखी पालक मला फोन करतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, पोराच्या सीईटीचं पर्सेंटाइल हातात असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाई, वो मायनॉरिटीवाली स्कॉलरशिप बंद हुई ना?" बरीचशी बंद झाली, असं म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प होतो. त्याच्या लेखी विषय तिथंच संपतो.

मी काही समाजसेवक नाही. घरात कॉम्प्युटर आहे आणि सरकारी मराठी वाचून समजते, एवढंच. पण काही वर्षं हे फॉर्म भरून देताना एक गोष्ट सारखी दिसत आली. आमच्या घरांत 'शिष्यवृत्ती' या शब्दाचा अर्थच 'मायनॉरिटीची' असा होऊन बसला आहे.

त्याला कारण आहे. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये. रक्कम लहान, पण झेडपीच्या शाळेतल्या पोराच्या नावानं बँकेत खातं उघडायला लागलं, हीच मोठी गोष्ट होती. 2022 मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती थांबली. आरटीईमुळे आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. त्याच सुमारास संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप गेली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची 'पढो परदेश' योजना गेली. 2023 मध्ये तपासलेल्या 1,572 संस्थांपैकी 830 बोगस किंवा बंद निघाल्या आणि 144 कोटींच्या घोटाळ्याचं प्रकरण सीबीआयकडे गेलं. पैसे संस्थाचालकांनी आणि दलालांनी खाल्ले, पण चर्चेत बदनाम झाली ती योजना. याचा राग मला आहे. पण राग धरून बसल्यानं फॉर्मची मुदत वाढत नाही.

दुसरी दारं आहेत, आणि त्यांवर आपलं नाव लिहिलेलं नाही म्हणून आपण ती ढकलून बघत नाही. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि मूल सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार. राज्याचा कोटा 11,682 मुलांचा. आमच्याकडे हौसेनं पोरं विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला घालतात, ती या परीक्षेला बसूच शकत नाहीत, हे किती जणांना माहीत असतं? बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फीसवलत आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, धर्माची अट नाही. ज्या शाहूंनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं, त्यांच्या नावाची योजना 'त्यांच्यासाठी' आहे असं आपणच ठरवून टाकतो. मौलाना आझाद महामंडळाचं तीन टक्क्यांचं शैक्षणिक कर्जही आहे, पण त्याचं नाव काढलं की घरात फीऐवजी व्याजावरच तासभर चर्चा होते.

मुलींसाठी तर 2024 च्या जुलैत मोठा निर्णय झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मुलांना मात्र निम्मीच. आमच्याकडे बारावीनंतर एमआयडीसीत नाहीतर गॅरेजवर गेलेल्या पोरांची संख्या बघता या निम्म्याचाही विचार कुणीतरी करायला हवा. काही जण 'कमवा व शिका'तून कॉलेजात काम करून टिकतात, बाकीचे सुटतात.

आता खरी अडचण सांगतो. माझी मावसबहीण इंदापूर तालुक्यात दिलेली आहे. सासरचं आडनाव तांबोळी, सासऱ्यांची पानाची टपरी. तिची मुलगी बारावीपर्यंत एसटीच्या मोफत पासवर शिकली, सीईटीत चांगले गुण मिळाले. तांबोळी ओबीसीत आहेत. शब्बीर अन्सारींच्या मुस्लिम ओबीसी चळवळीनं हा प्रश्न लावून धरला, दिलीपकुमार त्यासाठी सभांना गेले आणि 1994 च्या डिसेंबरात राज्याचा शासन निर्णय निघाला. तेव्हाचे मुख्यमंत्री बारामतीचेच. पण त्याच बारामतीपासून तासाभराच्या अंतरावरच्या या मुलीच्या दाखल्यावर काय होतं? धर्म : मुस्लिम. जात : मुस्लिम. तिच्या वडिलांच्या दाखल्यावरही तेच.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. गुरुजींनी विचारलं, "जात काय?" आणि दादानं सांगितलं, "मुसलमान." गावात पाच-सात घरं, सगळे त्यांना त्याच नावानं ओळखत. काहींनी तर आडनावाच्या जागी शेख लिहिलं. आज शेख लिहिणाऱ्यांत तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी सगळेच सापडतात, आणि कागदाला ते कळत नाही. जे खरोखर ओबीसी यादीत नाहीत त्यांना 2019 पासून ईडब्ल्यूएसचा दाखला निघतो. तोही फार थोडे काढतात.

ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आपा आणि तिचे मिस्टर दोन महिने फिरले. तहसीलला कोतवाल बुकाची नक्कल मागितली, तर त्या सालाची पानं फाटलेली. शेवटी शेजारच्या गावच्या झेडपी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीच्या चुलत आजोबांची 1954 सालची नोंद सापडली. जातीच्या रकान्यात निळ्या शाईत 'मुसलमान तांबोळी'. त्या अनोळखी गुरुजींनी एक शब्द जास्त लिहिला होता. त्या शब्दावर वंशावळ, प्रतिज्ञापत्र, जातीचा दाखला आणि मग पुण्याला पडताळणीचा अर्ज, असं सगळं उभं राहिलं.

मुलगी इंजिनिअरिंगला लागली. कॉलेजनं (नाव घेत नाही) आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ, असं सांगितलं. शासन निर्णयाची प्रत दाखवली तेव्हा क्लार्क म्हणाला, "तो जीआर आमच्याकडं पण आहे, साहेब." आपाच्या बांगड्या गहाण पडल्या. दुसऱ्या सत्रात पैसे आले, तेही भलत्याच खात्यात. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं, तिथं महाडीबीटीचा पैसा जातो, आणि ते खातं मुलीनं शाळेत असताना उघडलेलं होतं, पासबुकही हरवलेलं. बँकेत तीन खेपा झाल्या. बांगड्या सुटल्या, त्यांचं व्याज मात्र कुठल्या योजनेत बसत नाही.

म्हणून मी आता पालकांना बारावीत नाही, आठवीतच गाठतो. दाखल्यावरचा रकाना बघा, आजोबांची शाळा कुठली ते विचारा, आजोबा हयात आहेत तोवर विचारा. मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं एवढं सांगितलं तरी पुष्कळ होईल. दोन ठिकाणी सांगूनही झालं. एका ठिकाणी ऐकलं गेलं.

यंदा आणखी दोन घरं आहेत. एकाचं सोपं आहे, ईडब्ल्यूएस. दुसऱ्याच्या आजोबांची शाळा उजनीच्या पाण्यात गेलेल्या जुन्या गावठाणातली. गाव वर सरकलं तेव्हा रजिस्टरं एका लोखंडी पेटीत घालून नव्या शाळेत आणली होती, असं तिथले एक म्हातारे सांगतात. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, पेटी आहे, किल्ली नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, कुलूपवाल्याला घेऊन या.