गाडी थांबते ते गाव

होस्टेलवर नवा मुलगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं गाव तुझं?" बिचारा गावाचं नाव सांगतो, पण कुणालाच काही बोध होत नाही. मग तो स्टेशन सांगतो. "मानवत रोडजवळ", "पिंगळीच्या पुढं", "पोखर्णी नृसिंहाच्या अलीकडं". लगेच सगळ्यांच्या माना हलतात! मलाही सगळे 'मिरखेलचा' म्हणतात. खरं तर माझं गाव मिरखेल स्टेशनपासून चांगली अर्ध्या तासाची पायपीट आहे.

मित्रांनो, आपल्या जिल्ह्याचा नकाशा अनेकांच्या डोक्यात असा रुळांवरच बसलेला आहे. परळीच्या गाडीत गोदावरीचा पूल आला की म्हाताऱ्या बाया हात जोडतात आणि बाकीचे पिशव्या आवरतात, कारण आता जनाबाईंचं गंगाखेड. मानवत रोडला नवखा माणूस उतरतो आणि विचारतो, "गाव कुठंय?" गाव तिथून काही किलोमीटरवर! 'रोड' या शब्दाचा अर्थ त्याला तेव्हा कळतो. आणि पूर्णा तर रेल्वेचंच गाव. मीटरगेजच्या काळात अकोल्याकडे जाणारी गाडी तिथंच मिळायची. 2008 मध्ये अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज झालं, पण पूर्णेच्या जुन्या लोकांच्या गप्पांत वाफेचं इंजिन अजून शिट्टी मारतं.

माझा मावसभाऊ नोकरीसाठी अमेरिकेत शिकागोजवळ ओक पार्कला असतो. फोनवर एकदा म्हणाला, "मी व्हिलेजमध्ये राहतो." मावशी हबकलीच. "इतकं शिकून पुन्हा खेड्यातच व्हय रे?" मग त्यानं उलगडा केला. तिथल्या इलिनॉय राज्यात 'व्हिलेज' हा नगरपालिकेसारखा कायदेशीर प्रकार आहे. ओक पार्कची वस्ती 50 हजारांच्या वर, तरी कागदोपत्री व्हिलेज! जवळच रिव्हरसाइड नावाचं दुसरं व्हिलेज आहे. 1869 मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी त्याचा आराखडा केला. शिकागोला कामाला जाणाऱ्यांनी रेल्वेनं ये-जा करावी आणि मोकळ्या हवेत राहावं, असा हिशेब. म्हणजे तिथं रूळ पाहून गाव आखलं. आपल्याकडे गावं जुनीच होती, 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग झाला आणि काही गावांच्या वाट्याला स्टेशन आलं.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. नुसते रूळ जवळून गेल्यानं गावाचं काही भलं होत नाही, गाडी थांबावी लागते.

हे मला पुस्तकातून नाही, घरातून कळलं. धाकटी बहीण दहावी झाली तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. कॉलेज परभणीला. खोली करून ठेवायची ऐपत नाही, आणि जीपमध्ये कोंबून पोरीला रोज पाठवायला वडील तयार नव्हते. चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "पॅसेंजर हाय तवर शिक." तेव्हापासून तिचं शिक्षण त्या एका थांब्यावर उभं आहे. यंदा ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासोबत भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन आणि आणखी तीन मुली असतात.

आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला थांब्याचा खर्च मांडता येतो. एक मिनिट उभं राहायचं म्हटलं तरी आधी वेग कमी करणं, नंतर पुन्हा पकडणं, यात मिळून काही मिनिटं जातात आणि इंधनही. परभणी-मुदखेड दुहेरी मार्ग झालाय, गाड्या वेगानं धावाव्यात हे मलाही पटतं. पण त्या गणितात दुसरी बाजूही लिहायला हवी. गाडीची चार मिनिटं वाचली तर फलाटावरच्या माणसाचं काय काय जातं? ते मिनिटांत मोजता येत नाही, म्हणून ते शून्य धरायचं का?

उद्या आपल्यातलाच कुणी रस्ता आखेल, कुणी बसचा मार्ग, कुणी गाडीचं वेळापत्रक. टेबलावर नकाशा पसरला की बारीक अक्षरातली नावं आधी वाचा, दोस्तांनो. तिथं कुणीतरी वह्या छातीशी धरून गाडीची वाट बघत असतं.