गप्पांना पुरेल एवढा रस्ता

माउंट टॅमवर सायकल घेऊन जातो म्हटलं की इथले पट्टीचे सायकलवाले विचारतात, कुठून? 'रेलरोड ग्रेडने वर, एल्ड्रिजने खाली,' असं सांगितलं की ते समजूतदारपणे हसतात. म्हणजे नवशिक्यांचा रस्ता. मोठ्या माणसांनी अरुंद पायवाटांवरून, मुळ्यांवरून आणि दगडांवरून उड्या मारत जायचं असतं. त्यांचं चालू दे. माझं मत असं की या डोंगरावर सायकल चालवायची तर रुंद, धुळकट फायर रोडवरूनच. मराठी माणसांनी तर नक्कीच.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते. तिच्या दक्षिण भागात माउंट टॅमलपायस, म्हणजेच आमचा टॅम, उभा आहे. उंची २५७१ फूट, म्हणजे साधारण आपल्या माथेरानएवढी. गंमत अशी की माथेरानसारखीच इथेही एक नागमोडी रेल्वे होती. मिल व्हॅली गावातून निघून शिखराजवळ पोचणारी ही गाडी १८९६ साली सुरू झाली, नेरळ-माथेरानच्या अकरा वर्षं आधी. सव्वाआठ मैलांत २८१ वळणं. जगातली सर्वांत वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात होत असे. उतारावर तर पर्यटकांना इंजिनाशिवायच सोडत. उघडा डबा, ब्रेक धरून बसलेला एक माणूस आणि बाकी सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. या डोंगरावरून घरंगळत खाली येण्याची हौस सायकलच्या फार आधीची आहे.

पुढे शिखरापर्यंत मोटारीचा रस्ता झाला. १९२९च्या उन्हाळ्यात डोंगराला मोठी आग लागली, मिल व्हॅलीतली शंभराहून जास्त घरं जळाली आणि १९३० साली रेल्वे कायमची बंद होऊन रूळही उखडले गेले. माथेरानने मोटारींना गावात येऊच दिलं नाही, म्हणून तिथली छोटी गाडी टिकली. टॅमने मोटारींना घरात घेतलं आणि गाडी गमावली. पण रुळांखालची वाट उरली, तीच रेलरोड ग्रेड. आग विझवणाऱ्या बंबांना डोंगरात शिरता यावं म्हणून इथे ठिकठिकाणी कच्चे रस्ते राखलेले आहेत, त्यांनाच फायर रोड म्हणतात. रेल्वेची वाटही त्यांच्यात जाऊन बसली. आमच्या पायाखालचा रस्ता असा दोनदा दुसऱ्याच कुणासाठी झालेला आहे, आधी इंजिनासाठी आणि मग बंबासाठी. सायकलवाल्याचा विचार कुणी केला नव्हता.

तरी तो आमच्यासाठीच बेतल्यासारखा वाटतो, याचं कारण चढ. वाफेच्या इंजिनाला फार तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे कुठेही सात टक्क्यांच्या वर तो जात नाही. या चढावर दम लागतो, पण बोलणं बंद पडत नाही. वाक्यं थोडी आखूड होतात, एवढंच. आणि बंब जाईल एवढी रुंदी असल्यामुळे दोन सायकली शेजारी-शेजारी चालतात. चढ आणि रुंदी दोन्ही एकदम जमून आलेला दुसरा रस्ता मला तरी इथे माहीत नाही. एकामागोमाग एक जाणाऱ्या पायवाटेवर पुढच्याची पाठ दिसते. तिच्याशी काय बोलणार?

आमची टोळी फार मोठी नाही. एक नागपूरकर, कोथरूडची एक ताई, तिचा नवरा, कोल्हापूरचा एक पोरगा जो चढावरही शिट्टी वाजवू शकतो म्हणून सगळ्यांना खुपतो, आणि मी. शनिवारी सकाळी मिल व्हॅलीतून निघायचं. सुरुवातीला गावातल्या महागड्या घरांमधून डांबरी चढ आहे, तो मुकाट्याने उरकायचा. फाटक ओलांडून माती लागली की तोंडं सुटतात. एच-वन-बीचं नूतनीकरण, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्यातला फ्लॅट विकायचा की ठेवायचा. फोनवर जे विषय ताणले जातात ते इथे सहज निघतात, कारण कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसतं. मधेच 'डबल बो नॉट' येतो. शंभरेक फूट उंची मिळवायला इथे रेल्वे स्वतःलाच समांतर पाच वेळा फिरून गेली होती. आता त्यातला बराचसा भाग झाडीत आणि गावात हरवलाय, पण वळणं घेताना लक्षात येतं की बांधणाऱ्याला घाई नव्हती.

वेस्ट पॉइंट इन हे चढणीवरचं आमचं हक्काचं ठिकाण. १९०४ साली रेल्वेने बांधलेली लाकडी वास्तू. इथे उतरून प्रवासी घोडागाडीने पलीकडच्या समुद्रकिनाऱ्याकडे जात. आज ती स्वयंसेवकांच्या संस्थेमार्फत चालते. ओसरीवर बसलं की खाली खाडी, सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारती आणि उन्हाळ्यात पॅसिफिकवरून सरकत येणारं धुकं दिसतं. जुलैत शहर धुक्याखाली कुडकुडत असतं आणि वर आम्ही घामाघूम होऊन जाकिटं काढत असतो. ताई पिशवीतून दशम्या काढते. शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या आजोबांनी एकदा वासावरून चौकशी केली. तेव्हापासून ती एक जादा आणते.

शिखराच्या टोकाशी टेहळणी-चौकी आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी पथकं उभी केली होती, त्यांनी ती बांधली. आगीच्या मोसमात तिथे माणूस बसून धूर शोधतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना आपण इथे गाडीने आणतो, तेव्हा त्यांना चुकल्यासारखं होतं. 'एवढं शिखर आणि वर देऊळ नाही?' नागपूरकराच्या वडिलांनी चौकीलाच लांबून हात जोडले होते. मला ते काही फार चूक वाटलं नाही. या प्रदेशात आगीवर नजर ठेवणाऱ्यापेक्षा मोठं दैवत कुठलं?

आता उतार. एल्ड्रिज ग्रेड हा रेल्वेच्याही आधीचा, एकोणिसाव्या शतकातला घोडागाड्यांचा रस्ता. वरचा भाग सुट्या दगडांनी भरलेला आहे. हात बधिर होतात, दात वाजतात, उत्तरेला लॅगुनिटास तलाव चमकतो पण बघायची सोय नाही. इथे मात्र आमची टोळी गप्प असते.

उतारावर कायदा आठवतो. बहुतेक पायवाटांवर सायकलला बंदी, फायर रोडवर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर आणि कुणाला ओलांडताना फक्त ५. रेंजर रडार घेऊन उभे असतात, पावती हातात देतात. फाट्याफाट्यावरच्या त्रिकोणी पाटीवर उतरंड लिहिलेली असते: सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. घोडा दिसला की थांबायचं आणि स्वाराशी मोठ्याने बोलायचं, म्हणजे हेल्मेटवालं हे सोंग माणूसच आहे, हे जनावराला कळतं. आम्हाला वेगळं बोलावं लागत नाही.

पट्टीचे सायकलवाले या बंदीवर चिडतात. त्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: ज्या डोंगरात या खेळाचा जन्म झाला, तिथेच सायकलला पायवाटा बंद! ऐकायला जोरदार आहे. पण जन्म झाला कुठे? टॅमच्या उत्तरेला फेअरफॅक्स गावाबाहेरच्या डोंगरात 'रिपॅक' नावाचा उतार आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली, चार्ली केलीने भरवलेली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली. सायकली होत्या तीस-चाळीसच्या दशकातल्या जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या श्विन. पेडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक उताराच्या शेवटी इतका तापे की हबमधलं ग्रीस धूर होऊन जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, त्यावरून शर्यतीचं नाव पडलं. विक्रम गॅरी फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. शर्यतीतल्या जो ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठीच म्हणून नवी सायकल घडवली. १९७९ साली फिशर आणि केलीने टॉम रिचीच्या सांगाड्यांवर 'माउंटनबाइक्स' नावाचा धंदा सुरू केला आणि जगभर जे पसरायचं ते पसरलं. तर हा रिपॅक म्हणजे कुठली पायवाट? तोही एक फायर रोडच! पोरांनी जो पराक्रम केला तो बंबाच्या रस्त्यावर.

हे मी एका पट्टीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, तेव्हा दुसरं काही सुचलं नसेल. असेल बुवा.

एल्ड्रिजवरून इंडियन फायर रोडला वळायचं, तिथून ब्लाइथडेल रिज आणि मग हू-कू-ई-कू फायर रोडने परत रेल्वेच्या वाटेला लागायचं. हू-कू-ई-कू हे इथल्या मूळच्या कोस्ट मिवोक लोकांपैकी एका समूहाचं नाव. रस्ता डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट जातो, वर बे लॉरेलच्या पानांचा तमालपत्रासारखा उग्र वास, कडेला पॉयझन ओक, ज्याला हात लावायचा नाही. दातांचं वाजणं थांबलेलं असतं. पुन्हा दोन-दोनच्या जोड्या होतात. ताईच्या मते मंडळाच्या गणपतीत यंदा तीन अंकी नाटक झेपणार नाही, एकांकिका घ्यावी. नागपूरकराला संगीत नाटकच हवंय, आणि ऑर्गन कोण वाजवणार विचारलं तर तो कोल्हापूरच्या शिट्टीवाल्याकडे बोट दाखवतो. पोरगा म्हणतो, ऑर्गनचं माहीत नाही, पण नांदी शिट्टीवर बसवून देतो. ताईचा नवरा वेगळ्याच चिंतेत आहे: सभागृहाची आगाऊ रक्कम कुणी भरायची. मिल व्हॅली अजून बरीच खाली आहे, तोवर काहीतरी ठरेल.