अंगावरून वारं गेलं

माणसाचं तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला की आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं'. हा शब्दप्रयोग मला घातक वाटतो. वारं आलं तसं जाईल, या भरवशावर माणसं तेल चोळतात, शेक देतात, सकाळ होण्याची वाट बघतात. बिघाड मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांत झालेला असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के भरणारा मेंदू अंगाला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो, आणि पुढच्या वेळेसाठी जवळजवळ काहीच साठवत नाही. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्यांवर त्याचा सगळा संसार चालतो. मोठी धमनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडला. चोळण्याशेकण्यात गेलेला तास या हिशेबात धरून बघावा.

मग घरीच एखादी गोळी का देऊ नये? कारण एकाच चेहऱ्याचे हे दोन आजार आहेत. बहुतेक रुग्णांत गुठळी अडकून रक्त थांबलेलं असतं. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्त मेंदूत किंवा त्याच्या आवरणाखाली पसरलेलं असतं. लुळा हात दोन्हीकडे सारखाच दिसतो, उपचार मात्र उलटे. अ‍ॅस्पिरिन पहिल्यात उपयोगी, दुसऱ्यात रक्तस्राव वाढवणारं. रक्तदाबाचंही तसंच. रक्तस्रावात तो लवकर आटोक्यात आणावा लागतो. गुठळीत मात्र उपाशी पडलेला पण अजून जिवंत असलेला मेंदूचा भाग त्याच वाढलेल्या दाबावर तग धरून असतो, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा तो मुद्दाम काही मर्यादेपर्यंत चढा राहू देतात. भयंकर डोकेदुखी, उलट्या यांवरून रक्तस्रावाचा संशय घेता येतो; खात्री सीटी स्कॅनशिवाय होत नाही. जवळच्या दवाखान्यात 'आधी काहीतरी देऊन टाका' असा आग्रह धरणं म्हणूनच धोक्याचं आहे.

कुणी म्हणेल, निसर्गानं मेंदूच्या तळाशी पर्यायी वाट ठेवली आहे. खरं आहे, थॉमस विलिस यांनी 1664 साली वर्णिलेलं धमन्यांचं कडं ते हेच. पण पुष्कळांत ते अपुरं असतं, आणि त्याच्या पुढे गेलेल्या फांदीत गुठळी अडकली तर त्याचा उपयोग बेताचाच. कुणी म्हणेल, शेजारच्या काकांचा हात तासाभरात आपोआप सुधारला. अशा सुधारण्यानं मला अधिक भीती वाटते, कारण त्यानंतरच्या थोड्या दिवसांतच मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: स्कॅन असलेलं रुग्णालय लांब आहे. खेड्यापाड्यांत ही अडचण खरी आहे, आणि ती दूर करणं सरकारचं काम आहे. तरी लांबच्या वाटेमुळे निघण्याची घाई वाढायला हवी. गुठळी विरघळवणारं औषध 1995 च्या अमेरिकी चाचणीत तीन तासांच्या आत उपयोगी ठरलं. पुढे ही मुदत साडेचार तासांवर गेली. निवडक रुग्णांत तारेनं गुठळी ओढून काढणं 24 तासांपर्यंत जमतं, पण तिथंही लवकर पोचलेल्याचं अधिक वाचतं. 108 ला फोन करावा, तोंडात काही घालू नये, आणि माणूस धडधाकट शेवटचा कधी दिसला ती वेळ लिहून घ्यावी. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा आढळला, तर डॉक्टर घड्याळ दहापासून मोजतात.