पाणकावळा

पावसाळा लागला की सांगलीचा माणूस जगात कुठेही असो, सकाळी उठून एकच चौकशी करतो : आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. मग कोयनेतून किती सोडलंय, वारणेचं काय, असं सुरू होतं, कुणीतरी अलमट्टीचं नाव काढतो आणि चहा गार होतो. परवा पेपरात आकडा वाचला आणि सवयीने फोन हातात घेतला. ज्याला लावायचा, तो फेब्रुवारीतच गेला.

फेब्रुवारीत नदी खाली गेलेली असते. आधी मधुमेह, मग मूत्रपिंडं, मग दवाखान्याच्या खेपा. शाळेत असल्यापासून आम्ही सगळे धरून चाललो होतो की हा एक दिवस पाण्यात जाणार. तो अंथरुणात गेला. त्याची आई श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वराच्या जत्रेला जायची आणि देवाकडे एवढंच मागायची, की पोराला पाण्यानं नेऊ नकोस. तेवढं देवानं ऐकलं.

त्याचं नाव हजेरीपटापुरतं होतं. बाकी सगळे त्याला पाणकावळा म्हणायचे. कृष्णेच्या घाटावर ज्यांनी सकाळ काढली असेल त्यांना तो पक्षी ठाऊक असतो. काळाभोर, लांब मानेचा. बुडी मारली की कुठे वर येईल याचा नेम नाही. हाही तसाच. माई घाटावर बुडायचा आणि आमची तोंडं पांढरी पडली की कुणाच्या तरी होडीआडून डोकं काढायचा. पहाटे घाटावर पोहून ओल्या केसांनी शाळेत यायचा, आणि पहिल्या तासाला त्याच्या वहीवर पाणी ठिबकत असायचं.

दहाव्याला नदीवर माणसं बरीच जमली होती. जो तो त्याच्या गोष्टी सांगत होता, आणि प्रत्येक गोष्ट संपताना एकच वाक्य यायचं : भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी गप्प राहिलो, कारण ती वेळ वाद घालायची नव्हती. पण मला ते पटलेलं नाही. त्याच्याइतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुलाचंच घ्या. आयर्विन पूल १९२९चा. चिंतामणराव पटवर्धनांच्या कारकिर्दीत बांधला गेला, व्हाइसरॉय आयर्विनचं नाव त्याला मिळालं, आणि ते अजून टिकून आहे. पुराच्या दिवसांत त्यावरून उड्या मारणं हा सांगलीतल्या पोरांचा जुना उद्योग, आणि पोलिसांनी त्यांना पिटाळणं हाही तितकाच जुना. इतर पोरं कठड्यावर चढायची, देवाचं नाव घ्यायची आणि उडी टाकायची. हा आधी बराच वेळ नुसता वाकून बघत उभा राही. खांबाजवळ पाणी कुठे गरगरतंय, फेस कुठे फुटतोय, वरच्या अंगाने काय वाहत येतंय. पुरात ओंडके येतात, काटेरी झाडं मुळांसकट येतात, कधी मेलेली जनावरं. मला तो पुलाच्या दुसऱ्या बाजूला उभं करायचा. ओंडका दिसला की ओरडायचं, एवढंच माझं काम. मी ओरडलो की तो खाली उतरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागायचा. पोरं चिडवायची, तो उत्तर द्यायचा नाही. आणि पाण्याचा रंग आवडला नाही, तर चप्पल घालून सरळ घरी.

आम्ही नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीतले, १९७५चे. आमच्या पुढचे अकरावीवाले त्याच वर्षी परीक्षेला बसले होते, त्यामुळे सगळी गावं परीक्षार्थींनी भरलेली. अशा वर्षात, पूर्वपरीक्षेच्या सुमाराला, त्याच्या डोक्यात पेव आलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हरिपुरात हळद जमिनीखाली साठवत. तिथली माती घट्ट आणि ओल न धरणारी. तीत खोल खड्डा खणायचा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रुंद. हळद भरली की तोंड बंद करून वर माती लोटायची. वरून चालत गेलात तर खाली एवढी लक्ष्मी आहे असा संशयही येणार नाही. आतला प्राणवायू संपतो, म्हणून हळदीला कीड धरत नाही. वर्षानुवर्षं ती तशीच राहते. पेवातल्या हळदीला रंग चढतो असं सांगलीत सगळे म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. गोदामातली हळद मी वासावरून वेगळी काढू शकतो. पण ज्या हवेत किडा जगत नाही, तीत माणूसही जगत नाही. उघडल्या उघडल्या पेवात उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून पेव उघडलं की ते तसंच वाऱ्यावर ठेवतात आणि मग आत कंदील सोडून बघतात.

त्याचे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हे सगळं त्याला घरातच कानावर पडलेलं. कुणाचं पेव कधी उघडणार हेही. एका संध्याकाळी सायकलवर डबलसीट आम्ही हरिपूरच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मला फार आवडतो. दुतर्फा जुन्या चिंचा, पुढे कृष्णा-वारणेचा संगम, आणि गाव गोविंद बल्लाळ देवलांचं. ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या माणसाचं हे गाव, असं आमचे मराठीचे सर सहलीला नेलं की दरवेळी सांगायचे. त्या संध्याकाळी देवल कुणाच्या लक्षात असणार? कॅरियरवर माझ्या मांडीत घरचा कंदील होता, आणि त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं.

पेव उघडं होतं. तोंडावर आडवी लाकडं टाकलेली, राखणदार चहाला गेलेला. पोटावर पडून आत पाहिलं तर काळोख, आणि तोंडावर येणारी ऊब. हळदीचा वास एरवी आपण नाकाने घेतो. तिथे तो घशात उतरत होता. मला वाटलं, आता हा उतरणार. त्याने कंदील पेटवला, काच पुसली, दोराला बांधला आणि हळूहळू आत सोडायला लागला. दोन हात गेला, वात शांत जळत होती. अजून थोडा खाली गेला. ज्योत बुटकी झाली, निळसर झाली, आणि वारा नसताना विझली. आम्ही दोघं अंधारात बघत राहिलो. त्याने कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच ठिकाणी पुन्हा विझला. त्याने हाताने दोर मोजून ती जागा ध्यानात ठेवली.

“आज नाही,” तो म्हणाला. “चल लेका, भडंग खाऊ.”

भडंग खाताना तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवायला दारात हजर. हमाल आले होते, त्यांचा कंदील तळापर्यंत जाऊन जळत होता. त्याने त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला मामा म्हणत अशी काही गळ घातली की त्याने याला कमरेला दोर बांधून खाली सोडलं. वरून मला त्याचं डोकं दिसत होतं, मग तेही दिसेना. मग खालून त्याचा आवाज आला, घुमलेला, आनंदाने फाटलेला. काय म्हणाला ते कळलं नाही. वर आला तेव्हा केस, पापण्या, कान, पांढरा सदरा, सगळं पिवळं. घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता, किंवा त्याला तो काढायचा नव्हता. तसाच वर्गात.

“काय रे हे?” सरांनी विचारलं.

“सर, लग्न ठरलंय.”

वर्ग कोसळला. सरही हसले. हसून झाल्यावर छड्या मिळाल्याच, दोन्ही हातांवर, आणि पिवळ्या तळव्यांवर त्यांचे वळ केशरी उमटले. ते तळवे त्याने दिवसभर सगळ्यांना दाखवले.

पुढे त्याने काय काय केलं ते थोडक्यात : ट्रक चालवले, मग वडिलांच्या ओळखीने मार्केट यार्डात हळदीच्या कामाला लागला, लग्न झालं, दोन मुली झाल्या, दोघींना भोपळा बांधून माई घाटावर पोहायला शिकवलं. त्याने एवढं जरी केलं असतं तरी मी त्याला मोठा म्हटलं असतं.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५च्या पुरातही एवढं नव्हतं. त्याच्या गल्लीत पहिल्या मजल्याशी पाणी, आणि माणसं काढायला बोट आलेली. हा साठीचा, साखर वाढलेली, तरी बोटीच्या कडेला उभा. बोटवाल्याला विचारून घेतलं, किती माणसं बसतात, आणि त्या आकड्यावर तो अडून बसला. एकाला जास्त घेऊ देईना. लोक शिव्या देत होते. ओळखीचे, शेजारचे. एका बाईने त्याला काय काय सुनावलं, ते त्याने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो दरवेळी म्हणायचा, “पुढच्या खेपेला.” शेवटच्या खेपेला तो स्वतः गेला. त्याच पुरात आमच्याच जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कितीतरी घरं बसली. ती बातमी आल्यावर ती बाई त्याच्याकडे आली आणि काही न बोलता नुसती बसून राहिली, असं त्याची बायको सांगते.

म्हणून मला दहाव्याला ऐकलेलं ते वाक्य पटत नाही. भीती त्याला नीट ठाऊक होती. ती कुठे सुरू होते ते तो दोराने मोजायचा आणि तिथपर्यंत जायचाच. आम्ही बाकीचे त्याच्या अलीकडे कितीतरी लांब थांबलो आणि त्याला शहाणपण म्हणत आलो.

पेवं आता फारशी उरलेली नाहीत. २००५च्या पुरात बरीच गेली, आणि हळद गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागली. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद आहे. पण हरिपूरला गेलात आणि एखादं पेव उघडं दिसलं, तर एकट्याने आत डोकावू नका. आधी तिथल्या हमालाला विचारा.