जुन्या गोव्यातील नावे आणि कबरी

जुन्या गोव्यास जाणारा प्रवासी बहुधा बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहून परततो. गतवर्षी नववीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो तो निराळ्या हेतूने. प्रत्येकाच्या हाती वही देऊन सांगितले, "आज इमारती मोजावयाच्या नाहीत, नावे गोळा करावयाची."

दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून वर चढताच व्हाइसरॉयची कमान लागते. तिच्यातून निघणारी वाट म्हणजे पूर्वीची रुआ दिरैता, सरळ रस्ता. बंदर भरभराटीत असताना येथे सराफांची व जवाहिऱ्यांची दुकाने होती आणि सकाळी लिलाव चाले. त्यात अरबी घोडे विकले जात, तशी गुलाम माणसेही विकली जात. म्हणून लिलावांचा रस्ता हे तिचे दुसरे नाव. डच प्रवासी लिन्स्कोटेन १५८३ ते १५८८ या काळात येथे राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील नकाशात घरे व गल्ल्या दाटीवाटीने दाखविल्या आहेत. तोच नकाशा हाती धरून आम्ही उभे राहिलो, तेव्हा पुढे दिसत होती ती झाडी. साथींनी हे शहर ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मानही अधिकृतपणे पणजीस मिळाला.

से कॅथेड्रलच्या दक्षिणेस आदिलशाही वाडा होता. पोर्तुगीज त्या सत्ताधीशास 'सबायो' म्हणत, म्हणून समोरचे पटांगण सबायोचे झाले. पुढे १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनचे ठाणे या वाड्यात बसले आणि लोक त्यास 'व्हडलें घर' म्हणू लागले. उच्चारण्यास भय वाटावे अशा जागेस जनतेने किती साधे नाव दिले! ते घर आज नाही. गांधी सर्कलजवळच्या काळ्या दगडी खांबापाशी मात्र मेणबत्त्या विकणारी एक वृद्धा मुलांना म्हणाली, "हो हातकातरो खांब. म्हजी आजी सांगताली." येथे बांधून माणसांचे हात तोडीत, अशी लोकांची दृढ समजूत आहे.

नावे जिभेवर तरी राहतात. कबरींना तोही आधार नाही. गोवे जिंकणारा आल्बुकर्क १५१५ साली वारला, तेव्हा त्यास त्यानेच बांधविलेल्या सेर्राच्या मातेच्या चर्चमध्ये पुरले. १५६६ साली त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या; ते चर्चही पुढे नाहीसे झाले. वैद्यराज गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्याची कबर उरू दिली नाही, त्याचे नाव आज पणजीतील उद्यानास आहे.

सेंट ऑगस्टिनच्या भग्न मनोऱ्यापाशी मुलांना जॉर्जियाच्या राणी केतेवानची हकीकत सांगितली. १६२४ साली शिराझ येथे तिचा छळ करून वध झाला आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष येथे आणले. १८३५ साली मठ बंद पडले, छपरे कोसळली आणि ते अवशेष ढिगाऱ्याखाली गेले. या शतकाच्या आरंभी उत्खननात एक अस्थी मिळाली. जनुकीय तपासणीचा निष्कर्ष ती राणीचीच असण्याच्या बाजूने निघाला आणि २०२१ साली भारताने ती जॉर्जियास अर्पण केली. ही अस्थी कोठे शोधावी हे कळले, कारण कोणा साधूने ती मठात कोणत्या जागी ठेवली हे लिहून ठेविले होते.

तेथे एका मुलीने विचारले, "सर, इस्पितळात मेलेल्या शिपायांच्या कबरी कोठे आहेत?" राजाच्या इस्पितळात दर्यावरून आलेले असंख्य शिपाई मरण पावले. त्या इस्पितळाचीही आज खूण नाही. मला उत्तर देता आले नाही.

परतताना मला माझाच दोष आठवला. आमच्या शाळेत त्या परिसरातील वाड्यावाड्यांतून मुले येतात. पालक पत्ता सांगताना वाड्याचे नाव उच्चारतात आणि आम्ही जनरल रजिस्टरात 'जुने गोवे' एवढेच लिहून मोकळे होतो. वर्षानुवर्षे मी स्वतः असेच लिहीत आलो. नावे पुसण्यास साथ किंवा इन्क्विझिशनच लागते असे नाही. घाईत असलेला मुख्याध्यापकही पुरतो.

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मी टाक हाती घेऊन स्वतः बसलो. प्रत्येक पालकास वाड्याचे नाव विचारले आणि त्यांनी उच्चारले तसेच लिहिले. रकाना अपुरा पडला, तेव्हा समासात लिहिले.