भिंतीवरचे चित्र आणि डोळ्यांवरचे यंत्र

बडोद्याच्या मराठी माणसाला भित्तिचित्रे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा उभा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात गायकवाडांचे दिवाण होते. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या वरच्या दालनांत भिंती चित्रांनी अशा भरून गेल्या आहेत की, पाहणाराने सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडावा. कृष्णलीला आहे, महाभारतातील प्रसंग आहेत, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. आणि देवादिकांच्या शेजाराने गोऱ्या मडमांनाही तेथे निःसंकोचपणे जागा मिळालेली आहे. दुसरीकडे कीर्तिमंदिर. सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या त्या वास्तूच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, टागोरांची ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध चितारले. एक दिवाणाचे घर, दुसरे राजाचे स्मृतिमंदिर. तरीही ही चित्रे बाजारात विकत घेता येत नाहीत, गुंडाळून परगावी नेता येत नाहीत. जेथे भिंत तेथेच चित्र, आणि ज्याला पाहायचे त्याने भिंतीकडे जावयाचे, असा आजवरचा रिवाज होता.

हा रिवाज हल्ली उलटा होऊ पाहत आहे. डोळ्यांवर बांधण्याचे एक यंत्र निघाले आहे. तरुण मंडळी त्याला व्हीआर म्हणतात, आणि मराठीत ‘आभासी वास्तव’ असा त्याला जड शब्द आहे. त्याची युक्ती समजण्यास कठीण नाही. दोन्ही डोळ्यांपुढे एकाच दृश्याची किंचित वेगळी अशी दोन चित्रे ठेवली की मेंदूला खोली भासते. आणि आपण मान वळवू त्या बाजूस यंत्र ते दृश्यही वळविते. त्यामुळे आपण बसल्या जागी असूनही एखाद्या लेण्यात उभे आहोत, असे खचित वाटू लागते. भिंतीच्या शेकडो छायाचित्रांवरून तिचा उंचसखलपणासुद्धा गणिताने काढता येतो. मग प्रश्न उभा राहतो. भिंत जर घरपोच मिळू लागली, तर गल्लीतल्या भिंतीचे काय? हा प्रश्न आमच्या वसाहतीपुढे गेल्या वर्षी प्रत्यक्षच येऊन ठेपला. ती हकिगत पुढे सांगू. तत्पूर्वी नकलांविषयी थोडेसे बोलणे भाग आहे.

हैद्राबादकडील आमच्या वाचकांना अजिंठ्याविषयी नव्याने सांगणे नलगे. ती लेणी दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होती. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे राहून वर्षानुवर्षे चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेथे जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. आणि त्या नकलांपैकीही पुष्कळ लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या. मौज अशी की, नकला नाहीशा झाल्या, पण नकला करण्याची खूण मूळ भिंतीवर राहून गेली. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश चढविण्यात आले होते. ते कालांतराने पिवळे-काळे पडले आणि चित्रे मंदावली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी जुने वार्निश काढण्याचा यत्न केला, सुटलेला गिलावा बसविला, परंतु आपलेही लाखेचे लेप वर दिले. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, भुसा व काड्यांचे तंतू घालून केलेला, वर चुन्याचा पातळ हात. त्याला बाहेरचा कोणताही लेप मानवत नाही.

म्हणून या नव्या यंत्राचा पहिला गुण आम्ही निःशंकपणे मान्य करतो. ते भिंतीला हात लावीत नाही. फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाची गुहा १९४० साली सापडली आणि १९४८ साली लोकांस खुली झाली. प्रेक्षकांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उजेडाने चित्रांवर शेवाळ धरू लागले, आणि १९६३ साली ती बंद करावी लागली. अशा ठिकाणी आभासी दर्शन हे दर्शनाचे एक द्वार ठरते. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या भिंतींवर सतराव्या शतकातील चित्रे आहेत. कोकणातल्या पावसाची ओल चुन्याच्या भिंतीला काय करते, हे गोव्याच्या वाचकांनी आम्हाला सांगावे, आम्ही त्यांना नव्हे. अशा चित्रांचा सूक्ष्म नकाशा यंत्राने आजच घेऊन ठेवणे शहाणपणाचे होईल.

परंतु यंत्राचा दुसरा एक स्वभाव आम्हास खटकतो. ते एका वेळी एकाच्याच डोळ्यांवर बसते. बाकीचे त्याच्या हलणाऱ्या मानेकडे पाहत रांगेत उभे. चित्रासमोर उभे राहून ‘तो बघ घोडा’ म्हणून शेजाऱ्याला कोपराने ढोसण्याचे सुख त्यात नाही, आणि भित्तिचित्राचे अर्धे सुख तेच असते. ही उणीव जाणत्या लोकांच्याही ध्यानी आलेली आहे. चीनमधील तुन्हुआंगच्या बौद्ध लेण्यांपैकी २२० क्रमांकाचे लेणे इ. स. ६४२ च्या सुमाराचे आहे. २०१२ साली हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठातील मंडळींनी त्याची आभासी प्रतिकृती केली ती एकट्यासाठी नव्हे. सभोवती गोल पडदा उभारून, साधे चष्मे लावलेली सुमारे तीस माणसे एकत्र आत उभी राहतील अशी त्यांनी योजना केली. विटलेले रंग पुन्हा उजळतात, वाद्ये भिंतीतून पुढे येतात, आणि शेजारच्या माणसाचा ‘अहाहा’ही ऐकू येतो. आमच्या मते हीच वाट बरोबर आहे.

जे चित्र लोकांनी मिळून काढावयाचे, त्याची गोष्ट तर याहून वेगळी. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला तुजुंगा वॉश नावाचा सिमेंटचा मोठा कालवा आहे. त्याच्या भिंतीवर जुडिथ बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून काही उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगविला. तिने, म्हणण्यापेक्षा चारशेहून अधिक पोरांनी. त्यांत कित्येक पोलिसांच्या दप्तरी नोंद झालेली होती. चित्राची लांबी सुमारे अर्धा मैल. त्या भागातील वृद्धांच्या आठवणी ऐकून, इतिहासाच्या जाणकारांना विचारून प्रसंग निवडले गेले. म्हणजे रंग भिंतीवर चढण्याच्या आधी पुष्कळ काळ नुसते बोलणे चालले होते. आमच्या समजुतीप्रमाणे सार्वजनिक चित्राचा जीव या बोलण्यात असतो.

येथेच नव्या यंत्राची जुन्या कारागिरीशी गाठ पडते. आपल्याकडील चितारी कागदावर रेखाटन करीत, रेघांवर सुईने भोके पाडीत, आणि तो खाका भिंतीवर धरून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटीत. रेघ भिंतीवर उतरे. पण खाका चितारी सोडून कोणास समजत नसे. हातभर कागदावरचे झाड वीस फूट भिंतीवर कसे दिसेल, हे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. आणि चित्र पुरे झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो. यंत्र लावले की खरीच भिंत, खऱ्याच मापात, चित्रासह पुढे दिसते. यंत्र हा सर्वांना वाचता येणारा खाका आहे.

आता आमची हकिगत. आमची वसाहत विश्वामित्रीच्या काठापासून दूर नाही. २०२४ च्या ऑगस्टात आलेल्या महापुरात आमच्या गल्लीत छातीएवढे पाणी होते, आणि पाण्याबरोबर नदीतली मगर येईल या धास्तीने कोणी पायऱ्या उतरत नव्हते. पाणी ओसरले, कुंपणाच्या लांब भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ राहिली. पुढच्या वर्षी तरुणांनी ती भिंत रंगविण्याचे मनावर घेतले. चित्र ठरले सुंदर : नदी, वड, घाट, पतंग उडविणारी मुले. एका मुलाने कोणाकडून तरी यंत्र मागून आणले, चित्र त्यात घातले, आणि रविवारी सकाळी भिंतीसमोर खुर्च्या मांडून एकेकाला दाखविण्यास प्रारंभ केला. सर्वांनी वाहवा केली.

चौथ्या घरातील आजींची पाळी आली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे.

“आजी, हे डोळ्यांवर लावा. जड वाटलं तर सांगा हं.”

आजींनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग मान खाली घातली आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मुलाला वाटले, भोवळ आली.

“अरे बाळा,” त्या म्हणाल्या, “पाणी कुठवर आलं होतं, ते कुठंय?”

“ती रेघ होय? ती पुसून टाकणार ना आजी. वरून छान घाट येतोय.”

“पुसू नका रे. माझं कपाट तेवढ्याच पाण्यात होतं. यांचे सगळे फोटो त्यात गेले.”

कोणीच काही बोलले नाही. मग शेजारच्या गुजराती काकांनी आपल्या दुकानाचे सांगितले, दुसऱ्या एकाने आपल्या आजारी वडिलांना खांद्यावर घेऊन गच्चीवर नेल्याचे सांगितले. दोन तास झाले तरी लोक उठेनात. पूर ओसरल्यापासून या गोष्टी कोणी एकमेकांना सांगितलेल्या नव्हत्या. यंत्र केव्हाच खुर्चीवर पडून राहिले होते. चित्र बदलले. घाटाच्या पायऱ्या आता नेमक्या त्या रेघेपाशी बुडतात, आणि पतंग तिच्या वर उडतात.

यानंतर पैशाचा वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. वर्गणी जमली होती. काहींचे म्हणणे, चार यंत्रे विकत घ्यावी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला चित्र हलतेबोलते दाखविता येईल. आम्ही विरुद्ध मत दिले. या यंत्रांचे आयुष्य फार थोडे. हवेत रंग ओढण्याची गूगल कंपनीची ‘टिल्ट ब्रश’ ही करामत २०१६ साली आली आणि २०२१ साली कंपनीने तिच्यावरील काम थांबविले. पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा २०१४ साली निघाला, त्याचीही विक्री कंपनीने २०२१ मध्येच बंद केली. तांबेकरांच्या वाड्यातले रंग एकोणिसाव्या शतकापासून तग धरून आहेत. शिवाय आमच्या भिंतीची खरी अडचण निराळीच होती. पुराचे पाणी प्यालेल्या विटांतून क्षार वर येत होते, आणि सिमेंटच्या गिलाव्याला जागोजाग फोड धरले होते. त्यावर रंग दिला असता तर दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले असते. एका वृद्ध गवंड्याने पाहून सांगितले की, सिमेंट खरवडून काढा, विटा उघड्या वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. चुना श्वास घेतो. रंगही चुन्याला सोसणारे हवेत : गेरू, हिरमुजी, पिवडी, काजळी.

अखेर यंत्र ज्याचे त्याला परत गेले आणि वर्गणी चुन्यात गेली. मतदान एकमताने झाले नाही. दोन-तीन तरुण अजून आमच्यावर रुसलेले आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. जी घरे वसाहत सोडून परगावी गेली, त्यांना ही भिंत दाखविण्यास यंत्रावाचून दुसरा उपाय नाही. चित्र पुरे झाल्यावर त्याचे दर्शन यंत्रात उतरवून त्यांच्याकडे धाडावयाचे, एवढे आता ठरले आहे.

सिमेंट खरवडताना अर्थातच ती तपकिरी रेघही जाणार होती. तेव्हा खरवडण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी फाटकाच्या दगडी खांबापासून दोरी ताणली, रेघेची उंची मोजली, आणि खांबावर त्या उंचीला एक पितळी खिळा ठोकला. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खिळा बोटभर खाली ठोकला गेला आहे असे त्यांचे म्हणणे पडले. पुन्हा मोजले. तो उपटून बोटभर वर ठोकावा लागला.